हुंकाराले तोंड पायजे

१

आजीला भरवायचं तर घाई चालत नाही. पेज आधी घोटून पातळ करायची, तिचं डोकं डाव्या हातावर घ्यायचं, चमचा तोंडाच्या चांगल्या कोपऱ्यातून आत सरकवायचा आणि थांबायचं. अर्धी पेज दुसऱ्या कोपऱ्यातून बाहेर येते. ती पुसायची. पुन्हा चमचा. लकवा मारल्यापासून तिचे ओठ मिटत नाहीत.

आजीचं नाव सुकरी. वय नव्वदीच्या आसपास; जन्माची नोंद कोणी केली नाही, म्हणून सरकारी कागदांवर ती कधी सत्तरीची असते तर कधी शंभरीची. मी तिची नात, चंचल. चंद्रपूरच्या एका दैनिकात बातमीदार आहे. ठेकेदार, खाणवाले, वनखातं आणि स्वतःचा संपादक, सगळ्यांशी भांडून माझे केस पांढरे झाले. पण ज्या रुग्णालयात आजीला नेलं तिथे माझी सगळी भांडणं कमी पडली. मेंदूचा फोटो काढायचं यंत्र होतं, त्यावर घडी न मोडलेली चादर होती, चालवणारा माणूस नव्हता. "भरती पुढच्या वर्षी," असं मला सांगण्यात आलं. जणू आजीनंच लकव्याची घाई केली होती.

तिथल्या तरुण डॉक्टरनं एकच कामाची गोष्ट सांगितली. "कान शाबूत आहेत. बोलत राहा त्यांच्याशी. कधीकधी वाचा परत येते."

मी सुटी टाकली आणि तिला नागभीडजवळच्या आमच्या गावी, तलावाकाठच्या घरी घेऊन आले. मला फार काही नको होतं. तिनं मला एकदा "चंचे" म्हणावं, एवढंच. जगात त्या नावानं हाक मारणारं दुसरं कोणी उरलेलं नाही.

२

माझे आईबाप दर हिवाळ्यात मिरची तोडायला गोदावरीपलीकडे जायचे आणि उन्हं तापली की परतायचे. एका वर्षी बाप एकटाच परतला. पुढच्या वर्षी तोही नाही. आजीनं त्या दोघांबद्दल मला कधी खोटं सांगितलं नाही आणि माझ्यासमोर कधी रडलीही नाही.

आम्ही ढिवर. गावच्या तलावातली मासोळी आणि शिंगाडा यावर घर चालायचं. आजी डोक्यावर टोपली घेऊन नागभीडच्या बाजारात जायची आणि वाटेत मला शाळेत सोडायची. पाचवीत असताना एका गुरुजीनं मला शेवटच्या बाकावर बसवलं, मासोळीचा वास येतो म्हणून. दुसऱ्या दिवशी आजी वर्गात शिरली आणि तिनं अख्खी टोपली त्याच्या टेबलावर ठेवली.

"हुंगा," ती म्हणाली. "वास मासोळीचा हाय गुर्जी, पोरीचा नाई. अन् रविवारी तुमी हेच खाता, माह्याच हातचं."

मी पहिल्या बाकावर आले. पुढे आयुष्यात जी काही बातमीदारी केली, ती त्या टोपलीसारखीच. वास कशाचा आहे ते टेबलावर नेऊन ठेवायचं.

शिंगाड्याच्या हंगामात बाया छातीभर पाण्यात उतरायच्या. वेलांखाली गाळ असतो. पाय रुतला तर बाई आवाज न करता खाली जाते, ओरडायला तोंड पाण्यावर राहत नाही. म्हणून आजी गोष्ट सांगायची. पाण्यात उभी राहून, शिंगाडे खुडत, सगळ्या तलावाला ऐकू जाईल अशी. बाकीच्या बायांनी वाक्यावाक्याला हुंकार द्यायचा, "हूं." कोणाचा हूं आला नाही की आजी हातातलं टाकून तिकडे धाव घ्यायची. सरकारनं या तलावांवर एक साधी दोरी कधी पुरवली नाही. आजीच्या गोष्टीनं किती बायांना वर काढलं ते मला माहीत आहे. त्यातल्या काही अजून गावात आहेत.

धुकं उतरलं की मात्र ती गोष्ट बंद करायची. तेव्हा बाया लाकडानं शिंगाड्यांच्या डोंग्याची, म्हणजे लहान नावेची, कड ठोकत राहायच्या. मला ते पटायचं नाही. मी तलावाच्या बांधावर, पाळीवर बसलेली असायची; एकदा तिथूनच ओरडले, "आजी, धुक्यातच तं जास्त पायजे ना गोष्ट! काऊन नाई सांगत?"

"हुंकाराले तोंड पायजे," आजी म्हणाली.

"मंजे?"

"मंजे ज्याचं तोंड दिसत नाई, त्याले गोष्ट सांगाची नाई. गप."

पुढे मी या हुंकारांवर लेख लिहिला, गाजलाही. धुक्याचं मात्र गाळलं. भोंदूबाबांना उघडं पाडणाऱ्या बाईनं असलं काही छापायचं नसतं.

३

घर लहान आहे. पुढे सपरी, म्हणजे ओसरी, मग मधली खोली, मग रांधायची खोली आणि तिच्या मागच्या दारातून दिसणारी तलावाची पाळ. आजीची खाट मधल्या खोलीत भिंतीपासून हातभर लांब टाकली होती, दोन्ही बाजूंनी तिला उचलता यावं म्हणून. चुलीपाशी बसलं की ती दिसत नाही. मध्ये भिंत आहे.

डॉक्टरनं बोलायला सांगितलं होतं, पण दिवसभर बोलणार काय? बातम्या सांगून पाहिल्या, माझाच संताप व्हायचा. मग एका सकाळी वांगी चिरता चिरता मी तिचीच गोष्ट तिला सांगायला घेतली. कासविणीची.

"एक होती कासवीन," मी मोठ्यानं म्हटलं. "तिचा तलाव आटला."

मधल्या खोलीतून आवाज आला, "हूं."

विळी टाकून मी आत धावले. आजी जागी होती, डोळे टक्क उघडे. मी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "आजी! हूं म्हणलं तू!" तिचा चांगला हात गोधडीतून वर आला, माझ्या तोंडावर टेकला आणि तिथेच राहिला. खरखरीत तळवा, अजूनही तलावाचा वाटावा असा. मी त्याचे मुके घेतले. किती दिवसांनी रडले असेन.

मग तो नेमच झाला. मी रांधत, भांडी घासत, तिची लुगडी पिळत गोष्ट सांगायची आणि भिंतीपलीकडून हूं यायचा. लहानपणी उलट होतं. ती सांगायची, मी हूं द्यायची आणि माझा हूं थांबला की तिला कळायचं, पोरगी झोपली. गोष्ट शेवटपर्यंत कधी गेलीच नाही. कासवीण आटलेला तलाव सोडून निघते, वाटेत नांगर भेटतो, मुंगूस भेटतं, आंधळी म्हातारी भेटते. तिला पाणी मिळतं का, ते मला आजही माहीत नाही. मी माझ्या मनानं पुढे रचत होते. आत गेले की आजीचा हात दर वेळी वर यायचा आणि माझ्या तोंडावर टेकायचा. मला वाटायचं, माया आली.

एका दुपारी मी तिला पाणी पाजत होते. मागचं वाक्य अर्धं राहिलं होतं, म्हणून पाजता पाजताच पुरं केलं. "अन् मुंगूस म्हणे, पाणी तं माह्या बापानंबी पाह्यलं नाई."

"हूं."

आजीच्या तोंडात पाणी होतं. ते कोपऱ्यातून माझ्या मनगटावर ओघळत होतं.

मी पेला खाली ठेवला. घशात पाणी असताना नाकातून आवाज निघू शकतो. निघतोच. मी डॉक्टरला फोन लावला. तो जेवत होता. "होतं असं," तो म्हणाला, "श्वासनलिकेचे आवाज असतात." मला हवं होतं तेच उत्तर त्यानं दिलं आणि बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच मी पुढचा प्रश्न विचारला नाही.

४

शेजारच्या वच्छलाबाई शिंगाडे उकडून घेऊन आल्या. आजीबरोबर तलावात उतरणाऱ्यांतल्या. आता गुडघे गेले, जीभ शाबूत.

"काऊन वं चंचल, पेपरवाले तुले पगार देतेत का नाई? इतके दिवस इथीच?"

"देतेत ना. मी गप राहावं म्हणून देतेत."

"मंग तं लय कमी देत असतीन." त्या पदर तोंडाला लावून हसल्या. मग सपरीत बसून शिंगाडे सोलता सोलता म्हणाल्या, "सकाळी कोणाले गोष्ट सांगून राह्यली होती? वाडीतून आयकू येत होतं."

"आजीले. हूं देते आजी आता."

वच्छलाबाईंचे हात थांबले. "तोंड पाहून सांगतं ना?"

"मी चुलीपाशी रायतो. तिथून कुठी दिसते ते?"

"मंग नोको सांगू."

"काऊन?"

"काऊन-बिऊन मले नाई मालूम. आमी कधी इचारलं नाई. सुकरीबाई नाई म्हणे तं नाई."

मग मी त्यांना भाषण दिलं. धुक्यात आवाज कसा फसवतो, पाण्यावरून कसा उलटा येतो, म्हणून जुन्या माणसांनी हा नियम केला, चार भिंतींच्या घरात त्याचं काय काम, वगैरे. वच्छलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी उठताना म्हणाल्या, "तू कालेजात शिकली, तुह्यं खरं असंन. पण बाई, तुह्या घराले मागून दार हाय. ते लावत जाय."

मी दार लावलं नाही. उजेडासाठी उघडंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी तांदूळ निवडत होते. कासवीण आंधळ्या म्हातारीच्या दारात पोचली होती. म्हातारी काय बोलते ते मला सुचेना, म्हणून मी थांबले. थोडी जास्तच थांबले असेन.

"मंग?"

साफ, कोरडा, उतावीळ. ऐकणारं पोर विचारतं तसा.

मी सूप उडवून आत गेले. "बोलली! आजी, तू बोलली! आखीन एक डाव म्हण. मंग म्हण. मंग!"

आजी माझ्याकडे पाहत होती. तिचा खालचा ओठ एका बाजूला लोंबत होता, आतली हिरडी दिसत होती. हात वर आला, माझ्या तोंडावर टेकला. मी आनंदानं तो दूर केला आणि पुन्हा म्हटलं, "मंग." तिला शिकवावं तसं हळू. "म. मंग."

आणि माझे ओठ मिटताना मला जाणवले.

मी ते पुन्हा करून पाहिलं. ओठ न मिटता म काढून पाहिला. येत नाही. कोणालाच येत नाही. आजीच्या हनुवटीवरची लाळ मी पदरानं टिपली. तिचे ओठ बोटांनी जवळ आणले आणि सोडले. ते पुन्हा उघडले.

५

मी ठरवलं, चंद्रपूरला न्यायचं. घर ओलं आहे, तलावाची ओल भिंतीतून वर चढते, म्हाताऱ्या माणसाला बरं नाही. अशी कारणं मी स्वतःलाच देत होते. दुसऱ्या दिवसासाठी गाडी सांगितली. निघण्यापूर्वी एकदा खातरजमा करायची होती. जे ऐकलं ते तपासल्याशिवाय मी कधी काही छापलं नाही.

दुपार होती. सपरीतून ऊन मधल्या खोलीत खाटेपर्यंत आलं होतं. मी खाटेच्या कडेवर आजीसमोर बसले, तिच्या तोंडावर डोळे ठेवून. माझ्या पाठीशी ती हातभर जागा आणि भिंत.

"एक होती कासवीन," मी म्हटलं.

आजीचे डोळे मोठे झाले. तोंड हललं नाही. गळा हलला नाही.

"हूं," माझ्या मागून.

मी मान वळवली नाही. वळवायला हवी होती. पुराव्याकडे पाठ करून बसणारी मी नव्हे. पण मान जड झाली होती आणि डोकं अजून वाद घालत होतं. कौलांवरचं पाखरू असेल, भिंतीपलीकडे वच्छलाबाई असतील. त्या वादाच्या भरात तोंडातून पुढचं वाक्य निघून गेलं. सवयीनं.

"तिचा तलाव आटला."

"हूं. मंग?"

या वेळी जवळून. माझ्या कमरेच्या उंचीवरून, जमिनीवर बसलेलं कोणी बोलतं तसं.

तेव्हा आजीनं तोंड उघडलं. सगळ्या चेहऱ्याच्या शिरा ताणल्या, घशात काहीतरी घासलं आणि इतक्या दिवसांतला पहिला आवाज बाहेर आला.

"ग."

पुढचं अक्षर तिच्या ओठांना जमणार नव्हतं. तिनं हात वर केला आणि माझे ओठ तळव्यानं घट्ट मिटवले. तिचा प माझ्या ओठांवर झाला.

गप.

म्हणजे रोज ती हेच सांगत होती. मी ज्या हाताचे मुके घेतले, जो कौतुकानं बाजूला सारला, तो माझं तोंड बंद करत होता. लकव्यातून एक हात वाचला होता आणि तो ती खाण्यासाठी, खाजवण्यासाठी नाही, माझ्यासाठी वापरत होती.

ती माझ्याकडे पाहत नव्हती. माझ्या खांद्यावरून मागे, खाली पाहत होती; त्या गुरुजीकडे पाहिलं होतं तशी. मी डोळ्यांच्या कडेनं तिकडे पाहिलं, मान न वळवता. खाट आणि भिंत यांच्यामधल्या जागेत दोन पावलं होती. लहान, गाळानं माखलेली, एका पायाला शिंगाड्याचा वेल गुंडाळलेला. गुडघे पोटाशी घेऊन बसल्यावर दिसतात तेवढीच. बोटं आत वळवलेली. गोष्ट रंगली की मुलं वळवतात तशी.

मी डोळे मिटले. उघडले तेव्हा जमीन ओली होती आणि तिच्यावर काही नव्हतं. भिंतीची ओल खाली उतरते आमच्याकडे. हिवाळ्यातही.

ऊन सरकून जाईपर्यंत आजीनं हात काढला नाही.

६

सकाळी गाडी आली तेव्हा आजी गेलेली होती. मी खाटेलाच डोकं टेकून झोपले होते; तिचा हात माझ्या गालाशी होता, थंड.

आमच्यात मेलेल्या माणसाचे गुण गाऊन रडतात. घरच्या बाईनं आधी सुरुवात करायची, तू असं केलं, तू तसं वाढवलं आणि आता मला कुठं टाकून चालली, असं तिरडीशी बसून मोठ्यानं सांगायचं. मग बाकीच्या बाया उचलून धरतात. आजीबद्दल सांगण्यासारखं माझ्याइतकं कोणाजवळ नव्हतं. टोपली होती, तलाव होता, परतून न आलेल्या आईची जागा होती. सगळं घशापर्यंत आलं होतं. अंगणात बाया माझ्याकडे पाहत थांबल्या.

मी तोंड उघडलं नाही.

"बोल ना वं, चंचल," कोणीतरी म्हणालं. "सांग तिले."

मी मान हलवली.

"इतकी शिकली, अन् आजीसाठी दोन शब्द नाईत," दुसरी म्हणाली, मला ऐकू जाईल अशी. "पेपरात तं रकानेच्या रकाने भरते."

"सुकरीबाईनं कोणासाठी हाडं झिजवली, पाहा."

एकट्या वच्छलाबाई माझ्याजवळ येऊन बसल्या, माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग उघड्या दारातून मधल्या खोलीकडे पाहिलं. त्यांनी आपला पदर तोंडात कोंबला आणि आवाज न करता रडल्या. तिरडी उचलली गेली. पुरुष पुढे गेले. बाया अंगणाच्या कडेपर्यंत पोचवायला गेल्या आणि तिथूनच आंघोळीला तलावावर उतरल्या. मी सपरीच्या पायरीवर बसून राहिले. पाठीमागे मधली खोली. खाट कालच्याच जागी, रिकामी.

ऊन चांगलं वर आलं होतं. पाळीवरून बायांच्या बांगड्यांचा आवाज येत होता. ओरडलं असतं तर कोणीही आलं असतं.

"चंचे."

आजीचा आवाज. लकव्याच्या आधीचा, भरलेला, अख्ख्या तलावाला ऐकू जाणारा. मी एवढंच मागितलं होतं.

"चंचे, आयक वं. एक होती कासवीन. तिचा तलाव आटला."

त, ल, च, सगळी अक्षरं स्वच्छ. आणि पुढे म. "मंग ते निघाली पाणी पाह्याले. पोरं पाठीवर घेतली, अन् निघाली." ओठ मिटल्याचा बारीक आवाजसुद्धा मला ऐकू आला. ते माझं रचलेलं नव्हतं. मी पोरं घातलीच नव्हती. ही खरी गोष्ट होती, आजीची, झोप लागल्यामुळे माझी राहून गेलेली.

मी दोन्ही तळवे तोंडावर दाबले. मागे वळले नाही. बोटांच्या आत हुंकार माझ्या नाकापर्यंत आला होता, तो मी दाबून धरला, तिनं धरला असता तसा.

आतला आवाज थांबला. हुंकारासाठी जेवढं थांबायचं असतं, तेवढाच.

मग तो खाटेपासून उठून थोडा जवळ आला, आणि त्यानं गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.